मिलिंदच्या वहीतला नावाडी

फोन आला तेव्हा मी एका घोड्याला शिव्या घालत होतो. घोडा खरा नव्हता, कॉम्प्युटरवरच्या खेळातला होता. त्याचा गुन्हा एवढाच, की शीळ घातली की मध्ये डोंगर असो, नदी असो, तो पुढ्यात येऊन उभा राहायचा. रविवारची सकाळ, साडेदहाची वेळ. पलीकडून मिलिंदची बायको, सुजाता वहिनी, म्हणाल्या, "यायच्या आधी फोन करा म्हटलं होतं ना तुम्हाला... आता नका करू. नुसते या." मी विचारलं, "झोपलाय का मिलिंद?" विचारता विचारताच उत्तर कळलं होतं, पण माझं तोंड नेहमीच डोक्याच्या दोन पावलं पुढे चालतं. "तसंच समजा," म्हणाल्या. कसबा पेठेतून कात्रजला जायला मला पाऊण तास लागतो. त्या दिवशी किती लागला, आठवत नाही. निघताना खेळ बंद करायचा मात्र राहिला. संध्याकाळी परत आलो तर घोडा तिथेच, शेपटी हलवत.

मिलिंदला जाऊन आता सात आठवडे झाले. तो सरकारी मोजणी खात्यात भूकरमापक होता. म्हणजे जमिनी मोजायच्या, हद्दी दाखवायच्या आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. माझं तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पंधराएक वर्षांपूर्वी तो आपलं बंद पडलेलं यंत्र रिक्षातून घेऊन आला. गिऱ्हाइकाच्या यंत्रात डोकावू नये, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. मी तो पहिल्याच तासात मोडला. आत एक खेळ सापडला. एक काल्पनिक राज्य, त्यात आपण फिरस्ता योद्धा. कुणाशी काय बोलायचं, कुणाला वाचवायचं, कुणाशी वैर घ्यायचं ते आपण ठरवायचं आणि राज्य त्याप्रमाणे बदलत जाणार. खेळाचं नाव लांबलचक, इंग्रजी. सगळं एका पडक्या किल्ल्याभोवती घडायचं, म्हणून मिलिंद त्याला नुसतं 'गड' म्हणायचा. यंत्र दोन दिवसांत दुरुस्त झालं. मी ते आणखी दोन दिवस ठेवून घेतलं... तपासणीसाठी.

यंत्र घरी नेल्यावर दुसऱ्याच दिवशी मिलिंद दुकानात हजर. "अहो, माझा माणूस पुलाच्या अलीकडे उभा होता. आता पलीकडे आहे."

"मशीन चालू करून बघावं लागतं. त्यात सरकला असेल."

"वाटेतले दोन लांडगे मारून सरकला?"

मी स्क्रू ड्रायव्हर पुसत बसलो. तो म्हणाला, "पलीकडे काय आहे ते मला बघायचं होतं. ते तुम्ही बघितलंत. आता निदान सांगू तरी नका." दारापर्यंत जाऊन वळला आणि विचारलं, "रविवारी मोकळे असता का?"

तेव्हापासून रविवारी दहा ते एक कात्रज. कीबोर्डवर एकाने बसायचं, शेजारी दुसऱ्याने. 'तुम्ही'चं 'तू' व्हायला तीन रविवार लागले. पेठेतला म्हणून माझं 'पंत' व्हायला एकही नाही. शेजारच्या खुर्चीत मिलिंद असला की मांडीवर वही. आलेखाच्या कागदाची, जाड पुठ्ठ्याची. त्यात तो त्या नसलेल्या राज्याचे नकाशे काढायचा, आणि ते खात्याच्या शिस्तीने. स्वतः चालून पाहिलेली वाट अखंड रेघेने. खेळातल्या कुणी नुसती सांगितलेली वाट तुटक रेघेने, शेजारी बारीक अक्षरात 'ऐकीव'. आणि खोडरबर वर्ज्य. चुकलं तर खाली काय होतं ते वाचता येईल अशी एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी चुकणाऱ्याने सही करायची. "खोडलं की माणसं विचारतात, काय लपवलं?" तो म्हणायचा. "रेघ मारली की निदान भांडण उघड्यावर होतं."

हाच नियम त्याने खेळालाही लावला होता. अशा खेळात आपण कुठवर आलो ते साठवून ठेवता येतं, आणि काही बिघडलं तर मागे जाऊन पुन्हा सुरुवात करता येते. मिलिंदची साठवण एकच. पुढे गेलो की मागचं मिटलं. त्याच खेळाच्या माझ्या घरी चोवीस साठवणी होत्या. कुणाशी बोलायच्या आधी एक, बोलून झाल्यावर एक. संसारातही ही सोय हवी होती, असं मी एकदा घरी बोलून गेलो. तेवढं एक वाक्य मला आजवर मागे घेता आलेलं नाही.

आता नावाडी. त्या राज्याच्या मधोमध एक तळं होतं आणि तळ्यावर एक म्हातारा नावाडी. नावेत बसण्याआधी तो पलीकडच्या तीरावरच्या आपल्या मुलीची हकिकत सांगायचा, सावकाश, दर वेळी पहिल्यापासून. एका रविवारी मिलिंद गॅसचं सिलिंडर वर आणायला खाली गेला होता आणि कीबोर्डवर मी होतो. म्हाताऱ्याला जरा पुढे ढकलावं म्हणून मी एक बटण दाबलं. ते तलवारीचं निघालं.

मिलिंद सिलिंडर घेऊन आत आला. "काय झालं?"

"नावाडी... थोडा जखमी झालाय."

त्याने पडद्याकडे पाहिलं. "हा थोडा?"

"यंत्र बंद करू. साठवण व्हायच्या आत. अजून वेळ आहे."

"पंत, घडलेलं असं बंद करता आलं असतं तर आमच्या खात्यातले निम्मे दावे मिटले असते." त्याने सिलिंडर स्वयंपाकघरात ठेवलं, हात धुतले, वही उघडली. नावेच्या मार्गावर एक आडवी रेघ मारली आणि पेन माझ्यापुढे धरलं. "सही कर. पूर्ण. आद्याक्षरं चालत नाहीत."

त्या दिवसापासून तळं ओलांडायचं तर वळसा. एका बाजूने चाळीस मिनिटं. आणि खेळ रचणाऱ्यांनी प्रत्येक काम नेमकं पलीकडच्या तीरावर ठेवलेलं. चार वर्षं आम्ही त्या तळ्याभोवती चाललो. एकाने पुढे जायचं बटण दाबून धरायचं, दुसऱ्याने दोघांचे चहाचे कप सांभाळायचे. वहिनी आतून विचारायच्या, "पोचलात का?" आणि आम्ही म्हणायचो, "लव्हाळ्यापाशी आहोत." मी पहिली दोन वर्षं चिडचिड केली. तिसऱ्या वर्षी ध्यानात आलं की आमचं सगळं बोलणं त्या वळशावरच होतंय. मार्केट यार्डात हमाली करणारे त्याचे वडील मला तिथेच कळले. अक्षरओळख नव्हती, पण पाठीवर घेतल्याबरोबर पोत्याचं वजन सांगायचे. ही मोजायची खोड त्यांचीच, असं तो म्हणायचा. एकदा तिथेच म्हणाला, "काही गावांत मोजणी संपेपर्यंत मी साहेब. पाणी मागितलं की आधी आडनाव विचारायचे." मी म्हणालो, "अजूनही?" आयुष्यात मी बरेच बिनडोक प्रश्न विचारले, त्यात हा बहुधा पहिला यावा. तो म्हणाला, "वळण आलं. डावीकडे घे."

खेळ संपला तरी रविवार सुटला नाही. उरलेल्या कोपऱ्यांची मोजणी चालूच. मग एक दिवस दुसऱ्या भागाची घोषणा झाली, आणि पहिल्या भागातली तुमची साठवण पुढे नेता येईल असंही कर्त्यांनी सांगितलं. मिलिंद हरखून गेला. "म्हणजे त्यांना ठाऊक असणार, आपल्याकडे नावाडी नाही. पलीकडे त्याची मुलगी भेटेल, बघ. तिची माफी तू मागायची. मी नुसता शेजारी बसणार." दुसरा भाग आज येतो, उद्या येतो, करत वर्षं गेली. साठवण असलेला पेनड्राइव्ह वहीच्या पुठ्ठ्याला रबरबँडने बांधलेला. दर दोन-चार रविवारी तो विचारायचा, "भाषण तयार आहे का माफीचं?" मी म्हणायचो, "पाठ आहे." खरं सांगायचं तर होतंच पाठ.

दुसरा भाग आला तेव्हा मिलिंदला उठून बसवत नव्हतं. पोटाच्या दुखण्याने त्याचा निम्मा माणूस राहिला होता. त्याच्या यंत्रावर नवा खेळ चालेना, म्हणून पेनड्राइव्ह माझ्याकडे आला. "तिला शोध," म्हणाला. "आणि वळसा मोजून सांग."

मी शोधायला बसलो आणि पहिल्या तासातच संताप सुरू झाला. जमिनीवर सोनेरी बाण. जायचं कुठे, तिकडे बाण. वळायचं कुठे, तिथे बाण. राज्य म्हणे दसपट मोठं केलंय. असेल, पण बोट दाखवणारा माणूस सतत पुढे चालत असेल तर मोठं काय आणि लहान काय. कुणाशी बोलायला जावं तर प्रत्येक उत्तराशेजारी चित्र: हे बोललात तर मैत्री, हे बोललात तर मारामारी. चुकायची सोयच ठेवलेली नाही. माझ्यासारख्याने जायचं कुठे? वर तो घोडा. आणि एवढं असून, सकाळच्या उन्हात ते तळं पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी कीबोर्डवरून हात काढून घेतले. लव्हाळं तेच, पाण्यावर धुकं, आणि जुन्या खेळातले चार सूर संथ लावलेले. इतकं सुंदर करता येत होतं, तर बाकीचा कारभार असा का, हे मला अजून समजलेलं नाही. सुंदर नसतं तर रागावून सोडून तरी दिलं असतं.

तीरावर नाव होती. नावेत नावाडी. तोच म्हातारा, धडधाकट. "बसा, कुठे सोडू?" म्हणाला. मिलिंदच्या साठवणीतून खेळाने आमच्या योद्ध्याचं नाव घेतलं आणि त्याच्या झग्याचा रंग घेतला. बाकी पहिल्या भागात काय घडलं ते कर्त्यांनीच ठरवून टाकलं होतं, सगळ्या जगासाठी एकच. आमच्या चार वर्षांच्या पायपिटीवर त्यांनी खोडरबर फिरवला होता. मुलगी कुठेच नव्हती. पलीकडचं गाव मी घर घर करून पालथं घातलं. नावाड्यापुढे माफीचं बटण येतंय का तेही पाहिलं. पर्याय दोनच: 'पलीकडे चला' आणि 'पुन्हा भेटू'.

पुढच्या रविवारी कात्रजला गेलो. खाटेवरून त्याने नुसत्या भुवया उडवल्या. "भेटली?"

आणि मी म्हणालो, "भेटली."

"मागितलीस?"

"मागितली. पूर्ण भाषण केलं."

"काय म्हणाली?"

एवढा पुढचा विचार मी केला नव्हता. "म्हणाली... बाबांना बोलू द्यायला वेळ नव्हता ना, मग आता चाला."

तो इतका हसला की खोकला आवरेना. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्याकडे बघून गेल्या. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "आणि वळसा?"

"तेवढाच. चाळीस मिनिटं."

घोड्यावरून चार मिनिटं लागतात. चालत मी गेलोच नव्हतो. त्याने डोळे मिटले. मी बस गाठायचं निमित्त काढून उठलो. ती शेवटची भेट, आणि तिच्यात मी पाच मिनिटांत चार थापा मारून आलो.

मिलिंद गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं, त्यामुळे बोलायचं टळलं. त्यानंतरचे रविवार मी सवयीने जात राहिलो. गेल्या रविवारी वहिनींनी वही आणून पुढ्यात ठेवली. "तुम्हाला द्यायला सांगितली होती. आधीच देणार होते, पण तुम्ही येता आणि नुसते त्या खुर्चीकडे बघत बसता. म्हटलं, आधी तुमचं बघून होऊ दे."

शेवटच्या भरलेल्या पानावर नवं तळं होतं. रेघा थरथरलेल्या, पण तळं ओळखू येत होतं. सबंध काठ तुटक रेघेने. एका कडेला लिहिलेलं: 'वळसा, ४० मि. ऐकीव.' पलीकडच्या तीरावर एक छोटा चौकोन, आणि त्याखाली: 'नावाड्याची मुलगी. माफी मागितली. ऐकीव.' दोन्ही नोंदींच्या शेजारी, नेमकी एका सहीपुरती, जागा मोकळी सोडलेली.

"हे कधी काढलं त्याने?" मी विचारलं.

"तुम्ही गेलात त्याच दुपारी. उशी टेकवून बसवलं मी. हसत होते मधूनमधून. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, पंतांना पुन्हा मोजणी लागणार."

मी घरी आलो. खेळातला बाण बंद करता येतो हे शोधायला अर्धा तास गेला, घोड्याला शीळ न घालण्यासाठी एक बोट बांधून ठेवावं लागलं. नावाडी "बसा" म्हणाला, मी 'पुन्हा भेटू' दाबलं आणि वही मांडीवर घेऊन तळ्याच्या काठाने चालायला लागलो. एका हाताने बटण, दुसऱ्या हाताने पेन, चहा गार. दोनदा वाट चुकलो, दोन रेघा, दोन सह्या. वळसा सव्वीस मिनिटांचा निघाला. त्या सव्वीस मिनिटांत कुणी काही बोललं नाही. बोलत गेलं असतं तर चाळीस सहज झाली असती.

तुटक रेघेवरून अखंड रेघ ओढली. 'चाळीस'वर आडवी रेघ मारून वर 'सव्वीस' लिहिलं, सही केली. मग पलीकडच्या तीरावरच्या चौकोनापाशी आलो. त्याच्या हातचं अक्षर खालून नीट वाचता येईल अशी एकच रेघ मारली, आणि त्याने सोडलेल्या जागेत सही केली. पूर्ण. आद्याक्षरं चालत नाहीत.