एका काठावर लटकलेली टाइल

छत वर घ्यायची कल्पना गुण्याचीच. नव्या दवाखान्याचा हॉल उंच दिसावा, आजारी माणसाला आत आल्या आल्या घुसमटू नये, असा त्याचा उदात्त हेतू होता. त्याने कागदावर सीलिंगचा सांगाडा पाण्याच्या पाइपांना जवळजवळ टेकवला, आपल्या सीलिंगच्या कारखान्याच्या मालकांची सही घेतली आणि आठवडाभर शीळ घालत फिरला. सांगाडा टांगून झाला. पातळी चोख, रेघ सरळ. मग पहिली टाइल बसवायला माणसं शिडीवर चढली, आणि कळलं की टाइल आत जातच नाही.

सीलिंगची टाइल चौकटीपेक्षा अंमळ मोठी असते. ती तिरकी करून चौकटीतून वर न्यायची, आडवी करायची आणि हळूच खाली टेकवायची. त्यासाठी वर वीतभर मोकळी जागा लागते. गुण्याने ठेवली होती चार बोटं. म्हणजे घर झकास बांधलं, दार ठेवायचं तेवढं राहिलं.

गुण्या हे त्याचं टोपणनाव. काटकोन तपासायचा सुताराचा गुण्या याच्या खिशात कायम असायचा, आणि जेवायला बसला तरी हा आधी टेबल काटकोनात आहे का ते बघायचा. नाव ठेवलं ताईने. ताई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण, सीलिंग बसवणाऱ्या टोळीची मुकादम. तिनेच त्याला मालकांच्या कारखान्यात चिकटवलं होतं. हा खाली बसून रेघा मारायचा, ती वर चढून त्या रेघा खऱ्या करायची.

"मालकांना सांगू नकोस इतक्यात," ताई म्हणाली. "मी दाबून बसवते."

"दाबून बसेल?"

"तू शाळेत पास झालासच ना? तसंच."

एकेक टाइल वाकवत, रेटत, हात डोक्यावर ताणून धरत तिने भिंतीकडची ओळ पुरी केली. दुसऱ्या ओळीत तिचा उजवा खांदा धरला. असा धरला की शिडीवरून उतरताना तिला डाव्या हाताने उजवा हात सांभाळत यावं लागलं.

"हात वर न्यायला हरकत नाही," खांदा तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण वर ताटकळत ठेवायचा नाही."

"आमच्या धंद्यात दुसरं काय असतं, बाई?"

"मग धंदा बदला."

आता मालकांपासून काही लपणार नव्हतं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. "ताई, तुम्ही गोदाम बघा," ते म्हणाले. "खुर्चीत बसायचं, खोकी मोजायची." मग गुण्याकडे वळले. "आणि तुम्ही, शिल्पकार. सांगाडा उतरवायचा खर्च तुझ्या पगारातून कापला तर तुझ्या नातवालाही पगार हातात पडायचा नाही. महिनाअखेरपर्यंत काहीतरी सुचव. नाहीतर सगळं खोल, आणि रेघा दुसरीकडे मार."

ताई गोदामात बसू लागली. तक्रार केली नाही, आणि हेच गुण्याला जास्त लागलं. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी शेजाऱ्यांना कळेल इतकं बोलणारी बाई. आता विचारलं तर म्हणायची, "छान आहे की. पंखा आहे." इतकी वर्षं जी जगाकडे शिडीवरून बघत आली, ती आता खोक्यांवरचे आकडे वाचत होती.

गुण्या कामाला लागला. आधी त्याने टाइल हलकी केली. इतकी, की पंखा लावल्यावर ती नाचायला लागली. मग खालून दाबली की खटकन बसेल अशी स्प्रिंगची पकड काढली. ती दाबायला दोन धडधाकट माणसं लागली, आणि महत्प्रयासाने बसलेली टाइल जेवणाच्या सुट्टीत मालकांच्या उघड्या डब्यावर येऊन पडली.

"झाकण चांगलं आहे," मालक म्हणाले. "छताचं बघा."

रविवारी गच्चीवर ताई ओलं घोंगडं वाळत घालत होती. गुण्या मदतीला उठला तर तिने डोळ्यांनीच बसवला. डाव्या हाताने तिने घोंगड्याचं एक टोक दोरीवर टाकलं, दोन्ही हात खाली घेतले, खांदा चोळला, खाली रस्त्यावर कोण भांडतंय ते निवांत बघितलं. मग दुसरं टोक ओढून घेतलं. तोवर घोंगडं आपलं आपण लोंबत होतं.

गुण्या चहाचा कप हातात धरून बघत राहिला. इतके दिवस तो टाइलचं वजन कमी करत बसला होता. त्रास वजनाचा नव्हताच. टाइल एकदा उचलली की पुरी बसेपर्यंत हात खाली घेता येत नव्हता, त्रास तो होता. मध्ये थांबायला जागा हवी होती.

त्याने टाइलच्या एका काठाला पत्र्याचे दोन आकडे लावले. आकडे चौकटीच्या पट्टीत अडकवायचे आणि टाइल सोडून द्यायची. ती दारासारखी लोंबत राहते. मग सवडीने दुसरा काठ वर ढकलायचा, तिथे लहानशी पकड तो धरून ठेवते. टाइल चौकटीच्या आत शिरतच नाही, खालून तिला टेकते, त्यामुळे सगळं काम खालूनच. वर वीत असो, चार बोटं असोत, फरक पडत नाही.

ताई गोदामाला कुलूप लावून आली. शिडी तिने स्वतः मांडली. खाली मालक उभे होते, डबा या वेळी बंद. तिने आकडे अडकवले आणि हात सोडला. टाइल लटकली. ताईने हात खाली घेतला आणि नको तितका वेळ खांदा चोळत बसली.

"ताई, ढकल ना," गुण्या खालून म्हणाला.

"थांब रे. थांबायची सोय केलीस ना तू? थांबते."

मग तिने तळहाताने दुसरा काठ वर ढकलला. खट्.

मालकांनी शिडीखाली येऊन टाइल निरखली. "दुसरी लावा," म्हणाले. ती लागली. मग तिसरी. गोदामाची किल्ली त्यांनी स्वतःच मागून घेतली.

खांदा पूर्ण बरा झाला असं नाही. थंडीत कुरकुरतो, आणि त्याची कुरकुर ताई सगळ्यांना ऐकवते, म्हणजे बाई ठीक आहे. हॉल पुरा झाला त्या दिवशी एकच चौकट उरली होती. गुण्या शिडीला हात लावून म्हणाला, "ही मला लावू दे."

"पाय लटपटतात तुझे. पुढच्या कामाला देईन, नक्की."

त्यानंतर एक शाळा झाली, एक बँक झाली, चपलांचं एक मोठं दुकान झालं. प्रत्येक ठिकाणी शेवटची टाइल तिनेच लावली. गुण्या विचारतो, ती हो म्हणते, आणि शिडी चढते.