आवाज करील तो मोठा

आमची ट्रीसा काय काम करते, असं आमच्या केरळातल्या पाला गावच्या चर्चमध्ये कुणी विचारलं की माझी पंचाईत व्हायची. मी तिची आत्या, ती मला अम्मायी म्हणते. पोरींची आई गेल्यापासून दोघींना मीच वाढवलं, पण मला एवढंच माहीत, की ऑफिसात बसून ती फोनमधल्या चौकटी हलवते. निरोपांच्या ॲपवर माणसं एकमेकांचं तोंड बघत बोलतात ना, त्यात कुणाचं तोंड कुठे आणि केवढं दिसावं, ते ती ठरवते. याचा पगार देतात, बाई.

धाकट्या अन्सीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, आणि भांडायला लागली की समोरच्याला दोन हात कमी पडतात. तिला शारजाचं स्थळ आलं. जोमोन, तिथल्या छापखान्यात कामाला, तोही हातांनीच बोलणारा. मुलगी बघायचा कार्यक्रम ट्रीसाच्याच ॲपवर ठरला. मी रीतीप्रमाणे चहाचा ट्रे देऊन अन्सीला फोनसमोर उभं केलं.

"अम्मायी, चहा कोण पिणार? फोन?" ट्रीसा म्हणाली.

"तू गुमान वर जा, आणि हिचं बोलणं त्यांना सांग."

ट्रीसा वरच्या खोलीतून, तिच्या फोनवरून सांगू लागली आणि तिथेच घोटाळा झाला. ज्याचा आवाज येईल त्याची चौकट मोठी, अशी त्या ॲपची रीत. मुलाचा मामा त्रिशूरहून केळ्याचे वेफर्स खात होता. कुर्रम वाजलं की पडदाभर त्याच्या मिशा. मिशा गेल्या की ट्रीसा. अन्सी आणि जोमोन कोपऱ्यात टिकलीएवढे, त्यात नावाच्या पट्टीने त्यांचे हात झाकलेले.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या आईचा फोन आला. "धाकटी घुमी वाटली हो. थोरली मात्र चटपटीत. तिचं बघताय का कुठे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आमच्याकडे बदलून देत नाहीत," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी धाकटीलाच पुन्हा बघा, नाहीतर राहू द्या."

अन्सी जेवली नाही. ट्रीसापुढे उभी राहून हातांनी म्हणाली, "मी विचारत होते, तो सांगत होता. तुझ्या ॲपने आम्हाला गप्प बसवलं."

ट्रीसाने सबब सांगितली नाही. मलाच विचारत बसली, "आवाज करील तो मोठा, हे ठरवलं कुणी, अम्मायी?"

"आपल्या घरात तरी तसंच आहे," मी म्हटलं.

मग ती अन्सीच्या मैत्रिणींना घरी बोलावून नुसती बघत बसली. फोन कशाला टेकवतात, हात कुठवर जातात, दोघी भांडताना तिसरी कुणाकडे बघते. प्रत्येकीला बघायचं माणूस वेगळं, याचं तिला भारी नवल वाटलं. मग बघणाऱ्यालाच आपापल्या चौकटी का लावू देऊ नयेत, असं तिच्या मनात आलं. ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, "अशी माणसं असून असून किती?" ही म्हणाली, "मामा बोलत असताना ज्याला दुसरीकडे बघायचंय, ते सगळे." चाचणीपुरती परवानगी मिळाली.

रविवारी ट्रीसा माझ्याशेजारी दारात उभी राहिली, स्वतःचा फोन हातात धरून. तिथून आतल्या अन्सीचा पडदा दिसत होता. अन्सीने जोमोनची चौकट बोटाने ताणली, पार कमरेपासून डोक्यापर्यंत. मामाला कोपऱ्यात सारलं, होणाऱ्या सासूला त्याच्या खाली. मग ट्रीसाची चौकट धरली आणि पडद्याबाहेर लोटून दिली.

"मलाही काढलं," ट्रीसा हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. लहानपणापासून अन्सीचं बोलणं जगाला तीच सांगत आली होती.

"वाईट वाटलं?"

"वाटलं."

ती गेली होती फक्त अन्सीच्या पडद्यावरून, तिच्या फोनवर कॉल चालूच होता; तेवढ्यात त्यातून सासूबाई बोलल्या, "अगं थोरले, काय चाललंय दोघांचं? सांग ना."

ट्रीसाने अन्सीकडे पाठ केली. "माहीत नाही हो. मी बघत नाहीये."

आत बराच वेळ नुसते हात चालले होते. मधेच अन्सी खदखदून हसली.

मग ती स्वयंपाकघरात आली. रीत म्हणून केलेला माझा दुधाचा चहा तिने सिंकमध्ये ओतला आणि बोटांनी मला बजावलं, त्याला बिनदुधाचा लागतो, लक्षात ठेव.

याचा अर्थ कुणी मला समजावून सांगायची गरज पडली नाही.