हळदीच्या गाण्यांचा पत्ता

जी कामं पटकन होतात, त्यांचे किस्से होत नाहीत. माझी आणि नितेशची कामं पटकन होत नाहीत, त्यामुळे ऑफिसात डबे उघडले की कोणीतरी म्हणतंच, "मनीषा, ती वेबसाइटची गोष्ट सांग ना!" गोष्ट कसली, पंधरा दिवस जीव टांगणीला लागला होता माझा!

नितेश माझ्याच टीममध्ये. मी विरारला राहते, तो जवळच्याच गास गावात. त्याच्या भाचीची, नेहाची, हळद नागपूरला होती. त्याची आई, म्हणजे काकू, हळदीची गाणी म्हणण्यात गावात एक नंबर. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, प्रवास बंद. आजी नाही तर निदान आजीची गाणी नेहापर्यंत पोचली पाहिजेत, एवढंच आमचं म्हणणं होतं.

"मग फोनवर पाठव की," मी म्हटलं.

"ग्रुपवर टाकलेलं गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली गाडलं जातं. आपण वेबसाइट करू. आपलं नाव, आपल्याच घरातला सर्व्हर!"

सर्व्हर म्हणजे त्याचा कॉलेजमधला जुना कॉम्प्युटर. जागा, काकूंच्या मधल्या खोलीतलं तांदळाचं पिंप.

*

रेकॉर्डिंगच्या दिवशी पहिली तीन गाणी कोंबड्याने खाल्ली. शेवटी त्याला हाकलायला आम्ही दोघं अंगणात उभे राहिलो. आत काकू एकट्या, समोर मोबाइल.

"पोरी, नाव कोनाचं घेऊ?" त्यांनी आतून विचारलं. हळदीच्या गाण्यात नवरीचं नाव घ्यावं लागतं.

"कोणाचंही घ्या हो, टेस्टिंग आहे!" केळींमधून कोंबड्यामागे धावत मी ओरडले.

आवाज इतका स्वच्छ आला की तेच रेकॉर्डिंग आम्ही ठेवलं. ऐकलं किती? काकूंच्या सुरुवातीच्या टाळ्यांपुरतं! टाळ्या वाजल्या की मी बंद करून पुढच्या कामाला.

*

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, विकत घेतलं. आता कॉम्प्युटर कुठे आहे ते त्या नावाला सांगायचं होतं. नितेशने पत्ता भरला, तिथेच बसून साइट उघडली, आणि उघडली! काकूंनी हातावर साखर ठेवली. मी नाचत विरारला आले, आईला दाखवायला फोन काढला, तर काहीच नाही.

पठ्ठ्याने घरातल्या वायफायपुरता चालणारा पत्ता भरला होता. म्हणजे पाकिटावर 'मधली खोली, पिंपाजवळ' लिहून पोस्टात टाकल्यासारखं!

"पण माझ्याकडे उघडतंय," तो दोन दिवस हेच म्हणत होता.

*

बाहेरचा पत्ता भरल्यावर स्क्रीनवर आलं: बदल सगळीकडे पोचायला अठ्ठेचाळीस तास लागू शकतात. अठ्ठेचाळीस! मला भात शिजेपर्यंत झाकण न उघडता राहवत नाही. मीटिंगमध्ये टेबलाखाली रिफ्रेश, भाजीवाल्यासमोर रिफ्रेश, जेवताना डाव्या हाताने रिफ्रेश.

आई बघत होती. दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाली, "मुलगा करतो काय?"

"काही नाही करत! तांदळाच्या पिंपावर बसून असतो!"



*

साइट सुरू झाली आणि रोज संध्याकाळी बंद पडू लागली. काकू देवळात निघाल्या की घरातली सगळी बटणं बंद करायच्या. वायफायचा राउटरसुद्धा. पुन्हा चालू केलं की नेटवाले नवा पत्ता देणार, आणि आमचं नाव आपलं जुन्याच पत्त्यावर! नितेशने चिठ्ठी डकवली, 'बंद करू नये.' काकूंनी ती वाचली आणि बटण बंद केलं.

"खोलीत मानूस नाय, कोनासाठी जलतंय ते?"

"नेहासाठी," मी हात जोडले. त्यानंतर त्यांनी त्या बटणाला हात लावला नाही.

पत्ता बदलला की आपोआप कळवणारा प्रोग्रॅमही मी टाकला. तरी धास्ती जाईना. काकू रोज फोनवर विचारायच्या, "पोचंल ना गं नेहाला?" आणि मी रोज "हो" म्हणायचे. खरं सांगते, मला अजिबात खात्री नव्हती.

*

हळदीच्या दिवशी, रविवारी, मी सकाळीच गासला पोचले. काकू नवी साडी नेसून खुर्चीत. वायफायवर भार नको म्हणून नितेशने मोबाइलच्या नेटवर व्हिडिओ कॉल लावलेला. नागपूरचा हॉल भरलेला, नेहा पाटावर, हळदीच्या वाट्या तयार. तिकडे स्पीकरवर साइट लावली. उघडली! काकूंच्या त्याच टाळ्या वाजल्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग काकूंचा खणखणीत आवाज आला, "पाटावर बसली बाय आमची मनीषा..."

नेहाने वर पाहिलं. तिकडून कोणीतरी विचारलं, "मनीषा कोण?" गाणं सुरूच. मनीषाच्या कपाळाला हळद, मनीषाच्या गालाला हळद! मला त्या पिंपात शिरावंसं वाटलं.

"तू म्हनालीस कोनाचंबी घ्या," काकू मला म्हणाल्या. "तुजं राहिलंय म्हनून तुजं घेतलं."

मग त्या उठल्या. गुडघा धरत मधल्या खोलीत गेल्या आणि 'बंद करू नये'च्या खालचं बटण त्यांनी खटकन बंद केलं. नागपुरात गाणं थांबलं. परत येऊन त्यांनी नितेशच्या हातातून फोन घेतला.

"नेहा, पाट पुडं घे. आता आयक."