खालाची जांभळी ओढणी

नवं कापड घरात आलं की खाला आधी त्याचा रंग काढायची. पनवेलच्या बाजारातला कापडवाला हात जोडून म्हणायचा, "खाला, तुम्हाला पांढरंच देतो ना!" ती त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. कान साफ करायची काडी ब्लीचमध्ये बुडवून गडद कापडावर वेल काढायची आणि रंग उडालेल्या जागी ब्रशने दुसरे रंग भरायचे, हा तिचा उद्योग. घरातल्या पडद्यांपासून मुलाच्या रुमालांपर्यंत तिने काही सोडलं नव्हतं.

मी करंजाड्याहून दर रविवारी तिच्याकडे शिकायला जायचे. एकाच दुकानातली दोन काळी कापडं, पण एकातून विटकरी रंग निघायचा, दुसऱ्यातून शेवाळी. मी वैतागायचे, ती खूश व्हायची. "रंग टाकायला कोणीपण टाकतंय, बेटा. काढायला सबर लागतो." तो माझ्याकडे कुठला? मी सारखी कापड उचलून बघायचे आणि ती माझ्या हातावर चापट मारायची. माझ्या आईनेही मला इतक्या हक्काने कधी मारलं नसेल.

सानियाचं, तिच्या नातीचं, लग्न ठरलं तोवर खालाचा दमा बळावला होता. डॉक्टरांनी ब्लीच बंद करायला सांगितलं. पण मेंदीला नातीच्या अंगावर आपल्याच हातची ओढणी हवी, हा तिचा हट्ट. नाकाला फडकं बांधून तिने जांभळ्या मलमलीवर मोगऱ्याच्या कळ्या काढल्या. शेवटच्या कळीला तिला धाप लागली. मुलाने रिक्षा आणली. जिना उतरताना ती मला म्हणाली, "ब्लीच थांबव हां. नाय तर कापड खाईल."

ब्लीच नुसत्या पाण्याने जात नाही. ते मारायची पावडर मिळते. तिच्या पाण्यात कापड आधी बुडवायचं, मग धुवायचं. मला हे पक्कं माहीत होतं. पण माझा सगळा जीव त्या रिक्षात होता. मी ओढणी नळाखाली तीनदा खळबळली, वाळत टाकली आणि दवाखान्यात पळाले. विसरले, दुसरं कारण नाही.

मेंदीच्या दिवशी सकाळी सानियाने घडी उलगडली आणि कळ्यांमधून तिची बोटं आरपार गेली. मी रडायलाच लागले.

"ताई, दादीला बोलू नका," एवढंच ती म्हणाली. फाटलेली बाजू आत दुमडून तिने टाचण्या लावल्या.

खालाला घरी आणलं होतं. ओढणी घेऊन सानिया तिच्या पलंगापासून लांबच उभी राहिली. खालाने तिच्याकडे खूप वेळ बघितलं, मग मला जवळ बोलावून माझा हात धरला.

"छान धुतलंस. आता मला फिकीर नाय. तू करशील."

मी मान डोलावली.

पंधरा दिवसांनी खाला गेली. आता माझ्याकडे बायका शिकायला येतात आणि मी सगळ्यात आधी त्यांना ते पावडरीचं पाणी करायला लावते. खालाने मला आयुष्यात एकदाच शाबासकी दिली, आणि ती मी गप्प राहून घेतली.