एका दमातली प्रार्थना

आमच्या घरात मामांनी प्रार्थना केल्याशिवाय ताटाला कोणी हात लावत न्हाई. मामा म्हणजे माझे सासरे, साहेबराव. मंठ्याच्या ख्रिस्ती मंडळीतले जुने मेंबर, आणि मंठा ते जालना काळी-पिवळी जीप चालवणारे ड्रायव्हर. त्यांची प्रार्थना म्हणजे एका दमात "हे प्रभू अन्न दिलंस तुझे उपकार येशूच्या नावानं आमेन." मधे श्वास घेणं न्हाई, थांबणं न्हाई. आमेन तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आधी घास आत.

मला हे काय माहीत? माझं माहेर टेंभुर्णी. तिथं माझे पप्पा ताटावर प्रार्थनेला बसले की भातावरचं तूप थिजायचं. लग्नानंतर इथल्या पहिल्या जेवणाला मी डोळे मिटले ते मिटलेच. म्हटलं, आता प्रार्थनेत आजारी लोक येतील, मंग प्रवासातले, मंग सरकार. डोळे उघडले तर मामा दुसऱ्या भाकरीवर, आणि माझ्या ताटातलं भरलं वांगं गायब. मी बघत राह्यले तर म्हणाले, "मोनिका, देव बहिरा न्हाई. वांगं गार होऊन राह्यलं होतं."

असा हा माणूस. पण उपकार मानायचे म्हणजे मानायचेच. नवी नवी होते तेव्हा एकदा मी रश्श्यात मीठच टाकलं न्हाई. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. मामा मुकाट जेवले आणि हात धुताना म्हणाले, उपकार आधीच मानून बसलो, आता परत घेता येत न्हाई. गाडीची फेरी संपली की बोनेटवर थाप मारून "उपकार" म्हणायचे. ते देवाला होतं का इंजिनला, हे कोणालाच कळलं न्हाई.

आणि शिव्या? त्या तर रस्त्यावर सांडत जायच्या. जीपच्या काचेवर मोठ्या अक्षरात "येशू तारणारा", आणि खिडकीतून बाहेर "च्यामायला". खड्डा आला, च्यामायला. शेळी आडवी आली, च्यामायला. रामनवमीला जांब समर्थला जाणारी भाविक मंडळी येशूच्या काचेमागं दाटीवाटीनं बसायची, रामाचा गजर करायची, आणि मामा गजराच्या मधे मधे आपलं चालू ठेवायचे. कोणाला कशाचं वाईट वाटलं न्हाई, गाडी वेळेवर पोचायची. घरात मात्र एक शिवी न्हाई. चपला आणि शिव्या दोन्ही उंबऱ्याबाहेर.

माझ्या सासूबाई, नंदाबाई, यांना तरी ते खपायचं न्हाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. बाई कडक. चर्चमधे पहिल्या बाकावर बसणार, आणि मागच्या बाकावर कोण डुलक्या घेतं ते घरी येऊन सांगणार. त्या म्हणायच्या, ज्या तोंडानं शिव्या देता त्याच तोंडानं देवाचं नाव घेता, लाज कशी वाटत न्हाई? मामा म्हणायचे, "तोंड एकच दिलंय त्यानं. मंग सगळं त्यातूनच निघणार."

मागच्या नाताळाच्या आधी मामांना लकवा मारला. स्टँडवर चहा पिता पिता कप हातातून सुटला आणि ते बाकड्यावरून खाली आले. माझ्या नवऱ्यानं, सुमितनं, त्यांच्याच जीपमधे घालून त्यांना जालन्याला नेलं. जीव वाचला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं आणि बोलणं बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, शब्द येतील का न्हाई सांगता येत न्हाई, पण जे जन्मभर जिभेवर होतं ते कधी कधी आधी येतं. आत्याबाईंनी लगेच प्रार्थनेला सुरुवात केली की प्रभूचं नाव आधी येऊ दे.

आलं काय? नर्सनं सुई टोचली आणि मामा स्पष्ट, खणखणीत म्हणाले, "च्यामायला." मी आणि सुमित वॉर्डातच हसत सुटलो, हसता हसता रडलो. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या राह्यल्या.

घरी आणल्यावर कळलं की तेवढा एकच शब्द उरलाय. पाणी पाहिजे, च्यामायला. उशी नीट करा, च्यामायला. सुमित कामावरून आला की डोळे भरून यायचे आणि मायेनं, हळू आवाजात, तेच. आत्याबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंडळीतली माणसं भेटायला आली की त्या टीव्हीचा आवाज मोठा करायच्या. पुढं पुढं तर दारातूनच वाटेला लावायला लागल्या, म्हणे झोपलेत.

खरी पंचाईत जेवायला झाली. पहिल्या संध्याकाळी ताटं वाढली. मामांनी नेहमीसारखे डोळे मिटले, डाव्या हातानं उजवा हात उचलून जोडला, तोंड उघडलं. "च्या—" एवढंच निघालं आणि आत्याबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. देवाला शिवी जाईल म्हणून. मंग मला म्हणाल्या, तू कर. मी केली, चांगली केली. मामांनी डाव्या हातानं ताट लोटलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी पेज करून चमच्यानं भरवायला गेले, तर त्यांनी दात आवळले. चहा तेवढा घ्यायचे, कारण चहाला प्रार्थना लागत न्हाई हा आमच्या घरचा पहिल्यापासूनचा नियम. उपाशीपोटी गोळ्या घेऊन घेऊन माणूस पिवळा पडला, गळ्याची हाडं वर आली. डॉक्टरनं फोनवर सुमितला झापलं, असंच चाललं तर परत आणावं लागेल आणि मंग माझा भरवसा न्हाई. मी आत्याबाईंना म्हटलं, बोलू द्या ना त्यांना, जे निघतं ते. त्या माझ्यावरच उखडल्या. देवासमोर असलं? त्यापरीस उपाशी राहिलेलं बरं. म्हणाल्या खऱ्या, पण त्यांच्याही घशाखाली घास उतरत नव्हता, माझ्या डोळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात आमच्या चर्चचे देवानंद पाळक आले. नवे आहेत, तरुण आहेत, त्यांना दारातून वाटेला लावता येईना. ते म्हणाले, साहेबराव जिवंत घरी आले, रविवारी तुमच्याच अंगणात उपकारस्तुतीची सभा घेऊ. आत्याबाईंना न्हाई म्हणायला तोंड उरलं न्हाई.

रविवारी अंगणात सतरंज्या टाकल्या. शेजारची उषाबाई मंडळीतली नसूनही सगळ्यांच्या आधी जागा धरून बसली, तिला मामांचा तो शब्द ऐकायचाच होता. गाणी झाली. पाळकांनी प्रार्थना धरली, ती डॉक्टरांपासून निघून औषध कंपनीपर्यंत गेली आणि परत आली. तोवर आम्ही मटण-भाकरीची ताटं मांडली. मामांना खुर्चीवर बसवून पुढं स्टूल ठेवलं, शेजारी एका बाजूला आत्याबाई, एका बाजूला मी. पाळक अन्नावर आशीर्वाद मागायला उठले.

आणि मामांनी डावा हात वर केला. स्टँडवर दुसऱ्या गाडीला थांबवायचे, अगदी तसा. पाळक थांबले. मामांनी डोळे मिटले, हात जोडले. आत्याबाईंचा हात त्यांच्या तोंडाकडं निघाला आणि मी तो मधेच पकडला. सासूचं मनगट मी जन्मात कधी असं धरलं नव्हतं.

"आत्याबाई, ते शिवी देत न्हाईत," मी म्हटलं. "ते उपकार मानून राह्यलेत."

मामांनी दम घेतला आणि सोडला. "च्यामायला च्यामायला च्यामायला च्यामायला." तोच वेग, तीच चाल. "अन्न दिलंस"ला आवाज जिथं उतरायचा तिथं उतरला, येशूच्या नावाला जिथं चढायचा तिथं चढला. नुसते शब्द काढून घेतले होते, बाकी प्रार्थना जशीच्या तशी. शेवटी मात्र ते थांबले. आमेन त्यांना येईना. ओठ हलवून बघितले, परत हलवले, आणि डोळे मिटलेलेच ठेवून वाट बघत बसले.

उषाबाईचं तोंड उघडं ते उघडंच. मंग आत्याबाई रडत रडत, पहिल्या बाकावरून म्हणतात तेवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "आमेन."

पाठोपाठ पाळक म्हणाले, मंग सगळं अंगण म्हणालं. मीही डोळे मिटून म्हटलं. डोळे उघडले तर माझ्या ताटातली कलेजी गायब. मामांचा डावा हात रश्श्यानं माखलेला, वाकड्या तोंडाच्या कोपऱ्यातून तेल गळून राह्यलेलं, आणि ते चावत होते.

आत्याबाईंनी पदरानं त्यांची हनुवटी पुसली आणि आपल्या ताटातली कलेजी त्यांच्या ताटात टाकली. मी मनातल्या मनात देवाचे उपकार मानले. शब्द मामांचाच वापरला.