काकूंचा बेड टी

बंगळुरात एका बिल्डिंगमध्ये चार मराठी घरं आली की किस्से गोळा करायला वेगळं काही करावं लागत नाही. लिफ्टमध्ये भेटलं तरी एक निघतो, कढीपत्ता मागायला गेलं तरी एक निघतो. पण आमच्या द्राक्षमळ्याच्या ट्रिपने कहर केला बघा की! अजूनही कुणी चहाचा कप पुढे केला की आम्हाला हसू फुटतं.

आधी मंडळी सांगते. मी बेळगावची, त्यामुळे कन्नड मला घरचंच. माझा नवरा मिलिंद पुण्याचा, रोज इलेक्ट्रॉनिक सिटीला जातो, म्हणजे निम्मं आयुष्य ट्रॅफिकमध्ये आणि त्या वेळात मोबाइलवर हॉटेलांच्या रिव्ह्यूंचं वाचन! आणि जोगळेकर काका-काकू. काका सरकारी कारखान्यातले इंजिनिअर, नुकतेच रिटायर झालेले.

आमची बिल्डिंग के. आर. पुरम स्टेशनच्या अगदी जवळ. त्यामुळे जोगळेकरांचा महाराष्ट्रातला जो कोणी नातेवाईक रेल्वेने येईल तो बॅग घेऊन थेट काकूंच्या दारात! आल्या आल्या चहा, निघताना चहा.

काकांच्या रिटायरमेंटनिमित्त वाइनरी बघायची आणि एक रात्र तिकडेच राहायचं ठरलं. जागा कशी हवी, म्हणून काकूंना विचारलं.

"वाइनचं तुमचं तुम्ही बघा. मला एकच पाहिजे, बेड टी! मी अंथरुणात आणि चहा माझ्या हातात. लग्न झाल्यापासून हे सुख मी बघितलेलं नाही."

काका पेपरमागून म्हणाले, "एवढंच ना? माझी जबाबदारी!"

* * *

काकांची पहिली सूचना : "वाइनच बघायची तर नाशिकला जाऊ की. तिथे माझी आत्तेबहीण आहे, हॉटेलची गरजच नाही!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "आणि सकाळी तिच्या ओट्याशी उभं कोण राहणार?"

"अगं, आपण पाहुणे असणार!"

"पाहुणे तुम्ही. मी तिची वहिनी."

नाशिक तिथेच बारगळलं.

* * *

मग नंदी हिल्सच्या बाजूला शोध सुरू झाला. मिलिंदने एक झकपक रिसॉर्ट काढलं. स्विमिंग पूल काय, स्पा काय, खिडकीतून द्राक्षांचे वेल काय! फोन स्पीकरवर लावून त्याने विचारलं, "सकाळचा चहा रूममध्ये मिळेल ना?"

रिसेप्शनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "शुअर सर! प्रत्येक रूममध्ये इलेक्ट्रिक किटली आहे, टी बॅग्ज आहेत, मिल्क पावडर आहे. मॅडम स्वतः बनवून घेऊ शकतात!"

काकूंनी हात जोडले. "म्हणजे पैसे भरून परत मीच!"

* * *

शेवटी एक होम-स्टे सापडला. मालकाला मराठी येईना, मिलिंदला कन्नड येईना, म्हणून दोघं हिंदीत.

मालक म्हणाला, "हमारा ग्रेप्स का तोटा है, सार."

"अरेरे!" मिलिंदचा चेहरा पडला.

"बहुत बड़ा तोटा, सार! फादर के टाइम से तोटा है."

"वडिलांपासून?" मिलिंद आमच्याकडे बघून कुजबुजला. "बिचारा!"

"आप आओ सार. फॅमिली लेके आओ. तोटे में ही रहने का!"

मिलिंदने घासाघीस तर केली नाहीच, वर "हिम्मत रखिए" म्हणून धीर दिला. फोन ठेवल्यावर मी पोट धरून हसत सुटले. अरे बाबा, कन्नडात तोटा म्हणजे मळा! तो माणूस कौतुकाने आपली द्राक्षबाग सांगतोय आणि हा त्याचं सांत्वन करतोय!

* * *

तिकडे जाताना गाडीत काकांचं लेक्चर. "भाषेचा एवढा बाऊ कशाला? इतकी वर्षं बंगळुरात काढली, दोन शब्दांवर! बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको. भाजीवाला, रिक्षावाला, वॉचमन, सगळे समजतात. दोन शब्दांत संसार होतो!"

"होतो हो," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिसरा शब्द बोलायला मी आहे ना."

* * *

वाइनरीतल्या पोराने ग्लास कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा ते दाखवलं. मग म्हणाला, "आता तोंडात घोळवा आणि हवं तर या भांड्यात थुंका."

काका ताडकन म्हणाले, "बेडा!" आणि गिळून टाकली.

* * *

होम-स्टे मात्र झकास. मळ्यात टुमदार घर, मालक हसतमुख, त्याची बायको मंगळाक्का तर फारच प्रेमळ. जेवणं झाल्यावर मी आणि काकू वेलींमधून फिरायला गेलो. परत येताना काका स्वयंपाकघराच्या दारातून छाती फुगवून बाहेर पडत होते. "सांगून टाकलं. काम फत्ते!"

सकाळी आम्ही व्हरांड्यात जमलो. मंगळाक्काने मिलिंदला चहा दिला, मला दिला, काकांना दिला. काकू बराच वेळ खोलीत डोळे मिटून, पावलांची चाहूल घेत पडून राहिल्या होत्या. शेवटी उठून बाहेर आल्या आणि खुर्चीत बसल्या. मंगळाक्का किटली घेऊन परत आली, काकूंकडे बघून आदराने हसली आणि पुढे गेली!

काकूंचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. मी अक्काला कन्नडात विचारलं, मॅडमना चहा का नाही?

ती गोंधळलीच. "रात्री सारांनीच सांगितलं की! 'मॅडमगे बेड टी, बेड टी!' मी मुद्दाम परत विचारलं, टी बेडा? तर म्हणाले, 'यस, यस, मस्ट!'"

मी ते मराठीत सांगितलं. मिलिंदला ठसका लागला. काका आपला कप खाली ठेवून सरळ स्वयंपाकघरात गेले.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मग झाकण पडल्याचा. मंगळाक्का तोंडाला पदर लावून दारातच उभी. बऱ्याच वेळाने काका बाहेर आले, निम्मा चहा कपात, निम्मा बशीत.

बघतात तर काकूंची खुर्ची रिकामी!

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतून, पांघरुणाखालून आवाज आला, "अहो, मी झोपलेय हो! आता आणा!"