जामखेडकडची मुलगी

सुप्याच्या एमआयडीसीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या एका कारखान्यात मी सहा वर्षं तपासणीच्या टेबलावर होते. सैल जोड, उलटी लागलेली वायर माझ्या नजरेतून सहसा सुटत नसे, आणि साहेब ते चारचौघांत बोलूनही दाखवायचे. मग जामखेडकडची एक मुलगी माझ्या शेजारच्या टेबलावर आली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. दोन महिन्यांत ती माझ्या पुढे गेली. वायर नुसती बोटांतून फिरवायची आणि दोष काढून द्यायची. साहेब आता तिच्या टेबलाशी थांबायला लागले.

मला ते सहन होईना. तिच्या कामात खोट सापडेना, म्हणून मी ती तिच्या बोलण्यात काढली. माझं माहेर नगरमधलं, वडील शिक्षक. लहानपणी मी 'पानी' म्हटलं, तर 'पाणी' म्हणेपर्यंत ते पेला पुढे करत नसत. ही मात्र आईशी बोलायची तशीच साहेबांशी बोलायची, जराही न संकोचता. त्याचाही मला हेवा वाटायचा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ती आईला फोनवर सांगत होती, "हितं समदं चांगलं हाय. काळजी करू नगं." मी ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि बायकांच्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या टेबलाजवळून जाताना जो तो म्हणायचा, काळजी करू नगं. ती बोलायचीच थांबली. 'हो'सुद्धा मानेनं म्हणायची. साहेबांनी काही विचारलं तर खाली बघायची, मग तेही फारसं विचारेनासे झाले. आठवडाभर मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

एका संध्याकाळी नगरला परतताना कंपनीच्या बसमध्ये पॅकिंगमधल्या एका बाईनं ते रेकॉर्डिंग लावलं आणि फोन त्या मुलीच्या कानाशी धरला. आईला काय सांगतेस ते आम्हालाही सांग की, म्हणाली. मुलगी खिडकीकडे वळली. ओढणीचं टोक तिनं मुठीत गच्च धरलं होतं. ते बघून मी उठले.

"बंद करा ते. रेकॉर्डिंग मी केलंय. तिच्यावर जळत होते म्हणून केलंय. हसायचं तर मला हसा."

कुणी हसलं नाही. फोन बंद झाला. आता हिला शहाणपण सुचलंय, असं मागून कुणीतरी पुटपुटलं, ते खरंच होतं. मी तिच्या शेजारी बसून माफी मागितली.

"मला पहिल्याच दिशी कळलं हुतं, ताई," ती म्हणाली. "त्यात तुमच्या हसन्याचा आवाज हाय."

कामावर ती हळूहळू पुन्हा बोलू लागली, पूर्वीसारखीच. माझ्याशी बोलायला मात्र तिला महिना लागला.

यंदा तिला लाइनची प्रमुख केलं. सकाळी बातमी ऐकली तेव्हा मला पुन्हा तसाच हेवा वाटला. तिच्यापाशी जायला मला दुपार झाली. पण गेले, आणि तिचं अभिनंदन केलं.